कुमुदचे कोंबडे

तू गाणी म्हणायचीस, हे मला काल कळलं.

काल तुझ्या संस्थेत शोकसभा झाली. मला पुढच्या खुर्चीत बसवलं होतं, हातात चहाचा कप देऊन. एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलत होता. जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक बाई म्हणाली, "सेंट्रिफ्यूज सुरू झालं की कुमुदताई गुणगुणायला लागायच्या. मशीन थांबेपर्यंत त्यांचं गाणं चालायचं. आता ते मशीन सुरू करायला हात धजत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. त्या औषधी वासाच्या इमारतीत शिपायापासून संचालकापर्यंत प्रत्येकाने तुझं गाणं ऐकलं होतं, आणि तुझ्याशी इतकी वर्षं संसार केलेला मी कप धरून बावळटासारखा बसलो होतो. घरात तू एकदाही गायली नाहीस. गणपतीच्या आरतीलासुद्धा नुसते ओठ हलवायचीस.

खरं म्हणजे मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. खोटं कशाला सांगू, जळलो मी. तुझं तेरावं होऊन आठवडा झाला नाही, आणि मी तुझ्या फोटोसमोर बसून एका यंत्रावर जळत होतो. त्या यंत्राला गाणं, आणि मला "अहो, पिशवी कुठे ठेवलीत?"

सभा संपल्यावर फिलोमिना आली. उत्तनची, मासेमारी करणाऱ्या घरातली तुझी विद्यार्थिनी. तुझं अर्धं राहिलेलं काम आता ती पुढे नेणार आहे, असं संचालक भाषणात म्हणाले होते. तिचे डोळे माझ्यापेक्षा जास्त सुजलेले होते, तेही मला आवडलं नाही. म्हणाली, "काका, रविवारी येऊ का कोंबडे न्यायला?"

मी म्हटलं, "बघू."

अंगणातल्या खुराड्यात तुझ्या प्रयोगाचे चार कोंबडे आहेत. तू आजारी पडायच्या आधी त्यांना पहिली सुई टोचली होतीस, आता ते दुसरीची वाट बघतायत. संस्थेत नेल्यावर त्यांचं काय होतं ते मला ठाऊक आहे. या घरात तू स्वतःच्या हाताने वाढवलेलं, अजून चालतंबोलतं, असं आता तेवढंच आहे. म्हणून द्यायचे नाहीत. पण बघवतही नाहीत, कारण आयुष्यात इतका हेवा मी दुसऱ्या कुणाचा केला नसेल. तुला जर्मनीला बोलावलं होतं आणि तू गेली नाहीस. का गेली नाहीस असं मी विचारलं, तेव्हा तू म्हणाली होतीस, "कोंबडे अर्धवट आहेत ना." ते उत्तर मला अजून पचलेलं नाही. तू कोंबड्यांसाठी थांबलीस की माझ्यासाठी, एवढं मला तुझ्याकडून ऐकायचं होतं. आता कुणाकडून ऐकू?

लोक पहिल्यापासून म्हणायचे की आपलं लग्न उलटं झालं. मी मॅट्रिक, मिठागराच्या कचेरीत कारकून. तू एम.एस्सी. पुढे शिकू देणारा नवरा हवा, ही तुझी एकच अट होती, आणि माझ्याआधी बऱ्याच पदवीधरांनी ती ऐकून पोह्यांची बशी खाली ठेवली होती. मी हो म्हटलं. मला वाटलं होतं, शिकणं म्हणजे दोनतीन वर्षांचं काम. संपतं आणि माणूस घरी येतो. तुझं संपलंच नाही.

पहिल्या वर्षी मी तुला विचारलं होतं, नक्की शोधतेस काय? तू पोळ्या लाटत होतीस. म्हणालीस, "आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात. डोळ्यात पण तीच, नखात पण तीच. पण सगळी बोलत नाहीत. कुठे कोणी बोलायचं आणि कोणी गप्प बसायचं, हे कोण ठरवतं, तेवढंच मला शोधायचंय."

"तेवढंच?"

"तेवढंच. आयुष्य पुरणार नाही."

पुरलं नाही. तुझं बोलणं नेहमी खरं व्हायचं, हाही तुझा एक त्रासच होता.

मग कोंबडे आले. संस्थेत प्राणी ठेवायला जागा कमी, आणि तुझ्या प्रयोगाला महिनोन्‌महिने एका जागी शांत वाढलेले पक्षी हवेत. आपल्या भाईंदरला अंगण मोकळं. एका शनिवारी तू करंडीतून पिल्लं घेऊन आलीस. आई खूश झाली, म्हणाली, "बरं झालं, आंडी घरची होतील." सगळे नर आहेत हे कळल्यावर तिने कपाळावर हात मारला. "सगळं नरच? काय करायचं ह्यांचं, पूजा?" बाजारातला दाणेवाला शेठ तर तुला बघितलं की हसायचा. "भाभी, इतना बाजरा मुर्गे को? अंडा तो देता नहीं." आणि तू, जी घरी चार शब्दांच्या वर बोलत नव्हतीस, त्याला ठसक्यात सांगायचीस, "देगा शेठ, अंदर से देगा."

त्यातलं मर्म मला तू नंतर समजावलंस. अंड्यातल्या बलकासाठी लागणारं प्रथिन कोंबडीच्या यकृतात तयार होतं. कोंबड्यालाही यकृत आहे, आणि ते प्रथिन बनवायचं जनुकही आहे. फक्त ते जन्मभर गप्प असतं. कोंबड्याला मादीचं हॉर्मोन तेलातून टोचलं की ते गप्प जनुक बोलायला लागतं. कोंबडा बलक बनवायला लागतो, कुठल्याही अंड्याशिवाय. त्याचं रक्त काढून नळीत उभं ठेवलं की वर राहणारं पाणी दुधाळ दिसतं. पहिल्यांदा ती नळी तू मला खिडकीत उजेडाकडे धरून दाखवलीस. मला त्यात काय बघायचं ते कळत नव्हतं, म्हणून मी तुझ्याकडे बघत होतो. नव्या नवरीचा चेहरा असा असतो, असं मी ऐकलं होतं. मी नवरा झालो तेव्हा तो मला दिसला नव्हता.

कोंबडा धरायचं काम माझं. रविवारी सकाळी मी पाट टाकून बसायचो, मांडीवर कोंबडा, एका हाताने त्याचे पाय आणि दुसऱ्याने पंख पसरून. तू पंखाखालची शीर शोधायचीस. कोंबड्याच्या मागे धावायचं नाही हा तुझा कायदा. घाबरलेल्या पक्ष्याचं रक्त वेगळं असतं म्हणे. म्हणून दाणे टाकून, तोंडाने चुकचुकत, त्याने आपणहून जवळ यायची वाट बघायची. मी एकदा म्हणालो, "माझ्यासाठी एवढी वाट बघितली होतीस का कधी?" तू मान वर न करता म्हणालीस, "तुम्ही कुठे पळत होतात?"

नळ्या संस्थेत न्यायला बर्फ लागायचा. तो मी मासळीबाजारातून आणायचो आणि तू थर्मासात भरायचीस. तुझ्या सरांनी एकदा तक्रार केली की भाईंदरच्या सगळ्या नमुन्यांना बोंबलाचा वास येतो. ते तू मला हसत हसत सांगितलंस, आणि माझं मात्र डोकं फिरलं. कोण हे सर, जे माझ्या बर्फाला नावं ठेवतात? त्या काळात तुझ्या प्रत्येक तिसऱ्या वाक्यात ते असायचे. सर म्हणाले, सरांना पटलं नाही, सरांनी पुन्हा करायला सांगितलं. शेवटी एकदा काहीतरी निमित्त काढून मी संस्थेत गेलोच. बघतो तर टक्कल पडलेला, सारखा खोकणारा माणूस, डब्यातून दहीभात खातोय. जीव भांड्यात पडला. पण निघताना ते म्हणाले, "कुमुदचं काम फार वरचं आहे बरं का." कुमुद. अगं, मी तुला चारचौघांत नावाने हाक मारत नव्हतो. घरी येईपर्यंत माझ्या अंगाची आग आग होत होती.

आपलं एक भांडण मात्र मला अजून आवडतं. माझं म्हणणं, हॉर्मोन म्हणजे मुकादम. मिठागरात मुकादमाने हाक दिली की सगळे हातातलं टाकून कामाला लागतात. तसंच हे. तू म्हणायचीस, "नाही हो. मुकादम नाही, नुसता निरोप आहे. रक्तातून सगळ्या अंगभर फिरतो, पण यकृतच त्याला उत्तर देतं."

"का? बाकीचे बहिरे आहेत?"

"बहिरे नाहीत. त्यांचे कान दुसऱ्या हाकेसाठी आहेत."

मी पेपर घडी करून ठेवला. म्हटलं, "मग तुझे कान कुणाच्या हाकेसाठी आहेत तेवढं सांग. घरभर ओरडतो मी, सगळ्या आळीला ऐकू जातं, तुला सोडून." तू ओरडली नाहीस, रुसलीही नाहीस. खरोखर विचारात पडलीस आणि म्हणालीस, "ते मोजून बघायला हवं." मग आमटी उतू गेली आणि भांडण तिथेच राहिलं. पुढेही अधूनमधून आपण ते काढायचो आणि दर वेळी काहीतरी उतू जायचं.

आपल्याला मूल झालं नाही. लोकांनी त्याचा ठपका तुझ्या सुयांवर ठेवला. एकदा आईच्याही तोंडून गेलं, "कोंबड्याची बाई करतेस, घरात पाळणा मात्र हलंना." तू ताटातला घास खाऊन पूर्ण केलास, ताट धुतलंस आणि अंगणात जाऊन कोंबड्यांचं पाणी बदललंस. मी तुझ्यामागे आलो. तू त्यांच्याशी काहीतरी बोलत होतीस, अगदी हळू, मी आल्यावर थांबलीस. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तो तू तसाच राहू दिलास, पण बोलणं त्यांच्याशीच झालेलं होतं. त्या दिवशी मला आईचा राग यायला हवा होता. मला कोंबड्यांचा आला.

आणि मग ती गटारी. तू आता हसशील, म्हणून सांगतो.

त्या वेळी तुझा सगळा जीव एका प्रश्नात अडकला होता. कोंबड्याला पहिली सुई दिली की यकृत उशिरा जागं होतं, सावकाश, कुरकुरत. मग हॉर्मोन उतरतं, जनुक पुन्हा गप्प. महिने जातात. पण त्याच कोंबड्याला तीच सुई परत दिली की या खेपेला यकृत लगेच कामाला लागतं, आणि जोरात. तू म्हणायचीस, "काहीतरी राहतं हो आत. गप्प झालं तरी पहिल्यासारखं गप्प होत नाही. काय राहतं?" ते शोधण्यासाठी तू एक कोंबडा कितीतरी महिने सांभाळला होतास आणि त्याला नुकतीच दुसरी सुई दिली होतीस. सोमवारी त्याला संस्थेत न्यायचं ठरलं होतं. रविवारी गटारी, आणि तू संस्थेत गेलेली, सोमवारची तयारी करायला.

रत्नागिरीहून मामा आले. आईने ठरवलं, भावाला कोंबडीचं जेवण घालायचं. अंगणात जाऊन तिने बघितलं तर बाकीचे सगळे तुरेवाले, छाती काढून आरवणारे. त्यांना हात लावला तर सूनबाई रागावेल. आणि एक कोपऱ्यात बसलेला, तुरा सुकलेला, न आरवणारा. हॉर्मोनने त्याचा तुरा गेला होता. आईला वाटलं, ही कोंबडी. कुठून तरी चुकून यांच्यात आलेली. नंतर ती मला म्हणाली, "मी म्हटलं, आरवत नाय म्हंजे कोंबडी, आणि आंडी देत नाय म्हंजे कामाची नाय. नुस्ती बाजरी खातीय. बाकीच्यांना धक्का लावला नाय हो मी!" इतका विचार करून तिने नेमका तोच कापला.

तू संध्याकाळी आलीस. आम्ही जेवून ढेकर देत बसलो होतो. तू अंगणात गेलीस आणि लगेच परत आलीस. चेहरा पांढराफटक. आईने काय झालं ते सांगितलं. मामा घाबरले, "सूनबाई, मला काय होणार तर नाय ना?" आणि मिशीवरून हात फिरवून बघायला लागले. मी वाट बघत होतो की आता तू रडशील, नाहीतर आयुष्यात पहिल्यांदा भांडी आपटशील. तू खाली बसलीस आणि विचारलंस, "कलेजी कोणी खाल्ली?"

"मी," मी म्हटलं. आईने मानाने माझ्याच ताटात वाढली होती.

"आई, शिजवायच्या आधी रंग कसा होता?"

"पिवळट गं. पांढुरकी म्हण. आणि केवढी मोठी! मला वाटलं, आजारी हाय की काय."

तू माझ्याकडे वळलीस. "चव?"

"लोण्यासारखी. जिभेवर विरघळली."

कुमुद, तुझा चेहरा उजळला. महिनोन्‌महिन्यांची मेहनत माझ्या पोटात गेली होती आणि तू हसत होतीस, कारण प्रयोग जमला होता. लग्नाच्या मांडवात तू माझ्याकडे जसं बघितलं नाहीस तसं त्या दिवशी बघितलंस. पण ते बघणं माझ्याकडे नव्हतं, माझ्या पोटातल्या कलेजीकडे होतं. नवरा म्हणून इतका अपमान आणि इतकं सुख मला एकदम कधी झालं नाही. दुसऱ्या दिवशी तू नवी पिल्लं आणलीस आणि पहिल्यापासून सुरू केलंस. आईने मात्र तेव्हापासून प्रत्येकाच्या पायात लाल चिंधी बांधली, आणि मामांनी आपल्याकडे जेवणं बंद केलं.

ते काम पुढे छापून आलं. मग परदेशी तिकिटांची पाकिटं यायला लागली. पोस्टमन ती वर धरूनच आळीत शिरायचा. शेजारची पोरं तिकिटांसाठी भांडायची आणि तू पत्र उभ्या उभ्या वाचायचीस, चप्पलसुद्धा न काढता. एकदा मी विचारलं, काय लिहितोय तो? तू म्हणालीस, "त्यांना आपला दुसऱ्या सुईचा निकाल पटत नाहीये." बास, एवढंच होतं. पण कुणीतरी सातासमुद्रापलीकडे बसून तुझ्याशी असा वाद घालत होता, जो समजून घ्यायला मला जन्म पुरला नसता. तुझ्याशी भांडण्याचा हक्क मला फक्त माझा वाटायचा.

त्यातल्याच एका पत्रातून जर्मनीचं बोलावणं आलं. दोन वर्षं. तू ते मला जेवताना सांगितलंस, आणि त्याच दमात सांगितलंस की नाही म्हणून कळवलंय. मी विचारलं, "का?" तू लोणच्याची बरणी पुढे केलीस. "कोंबडे अर्धवट आहेत ना."

मी हसलो होतो तेव्हा. तुला वाटलं असेल, संपलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी कचेरीत बसून तेच घोकत होतो. नवरा अर्धवट नाही. कोंबडे अर्धवट. पुढे दोनदा तोच प्रश्न मी आडून आडून काढला. एकदा तू झोपलीस. एकदा म्हणालीस, "सांगितलं की मी तेव्हाच."

हॉस्पिटलातही शेवटपर्यंत तेच. तुला बोलायला त्रास होत होता. मी कान तोंडाजवळ नेला. मला वाटलं, आता तू ते म्हणशील. काय ते मलाही नीट माहीत नव्हतं, पण नवऱ्याला बायको शेवटी काहीतरी म्हणते, असा माझा समज होता. तू म्हणालीस, "पाणी बदललंत ना त्यांचं?" मी म्हटलं, "बदललं." त्यानंतर तू बोलली नाहीस.

इथवर लिहून मी परवा थांबलो होतो. पुढचं आज, रविवारी दुपारी लिहितोय.

फिलोमिना सकाळीच आली, भावाचा मासळीचा टेम्पो घेऊन. धुऊन आणला होता, तरी वास होताच. टेम्पोत चार करंड्या, खाली गवत. मी दारातच सांगितलं, "मी अजून ठरवलेलं नाही." ती म्हणाली, "बरं," आणि पायरीवर बसली. आईने चहा दिला तो प्यायली. कसली घाई नाही, विनवणी नाही. ही बसून राहायची पद्धत तुझीच. मला तिचा राग आला, आणि मग त्याच रागात मी दाण्यांचा डबा घेऊन अंगणात पाट टाकून बसलो. तू असतीस तर 'देऊन टाका' याशिवाय दुसरं काही म्हणाली नसतीस, हे मला काय माहीत नव्हतं? त्यांच्यात एकाला नुसतं तेल टोचायचं असतं, हॉर्मोनशिवाय, बाकीच्यांशी ताडून बघायला. म्हणजे एकही मागे ठेवता येत नाही. हेही तूच शिकवलेलं.

"तुम्ही धरा हां काका," फिलोमिना म्हणाली. "मला न्हाय जमत. माझ्याकडं येतच न्हाय ते. बाई म्हणायच्या, यांच्यासारखं कोणाला जमत न्हाय."

"असं म्हणायची?"

"हां. लय वेळा."

मी दाणे टाकले. पहिला आला. मी त्याला करंडीत ठेवलं आणि पुन्हा बसलो. दुसरा यायला वेळ लावत होता. तेव्हा ती म्हणाली, "काका, एक सांगू? रागावू नका. आम्हाला सगळ्यांना तुमचा लय राग यायचा."

"माझा? मी काय केलं?"

"तुम्ही काय न्हाय केलं. पण संध्याकाळ झाली की बाई घड्याळ बघायच्या. मशीन फिरत असू दे, सर समोर उभे असू दे. 'फिलो, पुढचं तू बघ. ते घरी आले असतील.' आणि पिशवी उचलून चालायला लागायच्या. आम्ही म्हणायचो, कोण हाय हा 'ते'? असं काय हाय त्याच्यात? सर तर एकदा बोलले, या माणसाला बघायला पाहिजे."

मला हसू फुटलं. सर मला बघायला निघाले होते आणि मी सरांना. ते माझ्यावर जळत होते, अख्खी प्रयोगशाळा जळत होती, आणि मी इथे बसून त्यांच्यावर. फार बरं वाटलं, कुमुद. बायको नुकती गेलेल्या माणसाला इतकं बरं वाटू नये.

दुसरा आला. तिसराही त्याच्या मागोमाग आला. चौथ्यासाठी मी थांबलो होतो आणि सहज, काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "पण जर्मनीला मात्र ती यांच्यासाठी गेली नाही. हे अर्धवट राहिले असते."

फिलोमिना माझ्याकडे बघतच राहिली. "कोंबड्यांसाठी? कोण बोललं?"

"तीच."

"न्हाय हो काका. कोंबड्यांसाठीच तर बोलावलं होतं तिकडे. मोठी शेड, हवे तेवढे पक्षी, पाणी घालायला माणूस. इथले मी सांभाळणार होते, सगळं ठरलं होतं. मी माझ्या बापाला पण सांगून ठेवलेलं, रोज भाईंदरला जाणार म्हणून. आणि मग एक दिवस बाई बोलल्या, कळवलं मी नाही म्हणून. मी विचारलं, का? सुया उकळत ठेवत होत्या. बोलल्या, 'दोन वर्षं गं फिलो. त्यांना सोडून तेवढं मला नाही जमणार.' बास. पुन्हा कधी बोलल्या न्हाय."

चौथा कोंबडा माझ्या हाताशी येऊन दाणे टिपत होता. मला तो धरायचं भान राहिलं नाही. फिलोमिना हळूच म्हणाली, "काका, धरा." मग मी धरला.

टेम्पो गेला. आई खुराड्याचं दार लावायला गेली, मग कशाला लावायचं म्हणून तसंच उघडं टाकून आली. मी पाटावरच बसून होतो.

का नाही सांगितलंस मला? लोणच्याची बरणी पुढे करण्याऐवजी तेवढं एक वाक्य पुढे केलं असतंस तर काय बिघडलं असतं? फिलोमिनाला सांगितलंस. उकळत्या सुयांसमोर सांगितलंस. मी तुझ्यासमोर बसलो होतो गं. माझी एवढी वर्षं सरांवर, पाकिटांवर, त्या बिचाऱ्या मुक्या जिवांवर जळण्यात गेली. खूप राग आलाय तुझा. आणि त्याच वेळी असं वाटतंय की उठावं आणि आळीतल्या प्रत्येक दारावर थाप मारून सांगावं, तिला जमणार नव्हतं म्हणून, मला सोडून.

आता सरांचा हेवा वाटत नाही, जर्मनीचा नाही, यंत्राचाही नाही. आता एकाच माणसाचा वाटतो. ज्याच्यासाठी तू रोज घड्याळ बघून निघायचीस, त्याचा. तो पायरीवर पेपर वाचत बसलेला असायचा, उशीर झाला म्हणून तोंड वाकडं करायचा, आमटीला नावं ठेवायचा, आणि तू पिशवी खाली ठेवून त्याच्या शेजारून घरात जायचीस. काही म्हणजे काही माहीत नव्हतं त्याला. किती नशिबाचा होता लेकाचा.